ओळ कोठे तोडावी?
(‘परिच्छेदांच्या ओळी पाडणे’ या निबंधाचे परीक्षण)

गेल्या चातुर्मासात आमच्या गावच्या देवळातून भक्तमंडळींना मोबाईलवर एक सूचना पाठविण्यात आली. सूचनेचा मजकूर साधा होता : पालखीचा मार्ग बदलल्यामुळे आज दुपारी महाप्रसाद होणार नाही. लिहिणाऱ्याने वाक्य शुद्ध लिहिले होते. तरीही भोजनाच्या वेळी दोन वृद्ध गृहस्थ सोवळे नेसून सभामंडपात हजर झाले. चौकशी करता असे दिसले की, दृष्टी मंद झाल्यामुळे त्यांनी आपल्या मोबाईलवरील अक्षरे मोठी करून घेतली होती. अक्षरे मोठी झाल्याने ओळी आखूड झाल्या, आणि ‘आज दुपारी महाप्रसाद होणार’ येथे पडद्याची शेवटची ओळ संपली. ‘नाही’ हा शब्द पुढल्या ओळीवर, म्हणजे पडद्याच्या खाली गेला. वाक्य पूर्ण वाटले, म्हणून कोणी खाली पाहिले नाही.

या प्रसंगात दोष कोणाचा? लिहिणाऱ्याचा नव्हे, वाचणाऱ्याचाही फारसा नव्हे. दोष ज्याने ओळ तोडली त्याचा. आणि येथे ओळ तोडणारा कोणी मनुष्य नव्हताच. एका आज्ञावलीने अक्षरे मोजली, पडद्याची रुंदी पाहिली आणि जागा संपली तेथे ओळ संपविली. आज आपण जे जे पडद्यावर वाचतो, मग ती बातमी असो, स्तोत्र असो की मुलाचे पत्र असो, त्याच्या ओळी अशाच कोणीतरी न पाहता पाडलेल्या असतात. म्हणून काव्य-कादंबऱ्यांच्या परीक्षणांना सरावलेल्या आमच्या वाचकांपुढे आज आम्ही एका निराळ्याच कृतीचे परीक्षण ठेवीत आहो. डोनाल्ड नुथ आणि मायकेल प्लास या दोन अमेरिकन संगणकशास्त्रज्ञांनी १९८१ साली एका संगणकविषयक नियतकालिकात ‘परिच्छेदांच्या ओळी पाडणे’ या अर्थाच्या मथळ्याचा साठाहून अधिक पानांचा निबंध प्रसिद्ध केला. ठराविक रुंदीत मजकूर कसा बसवावा, या प्रश्नाचा इतका सांगोपांग विचार त्यापूर्वी झाला नव्हता. त्यानंतर झालेले बहुतेक काम याच निबंधाच्या छायेत झाले आहे.

प्रथम प्रश्नाचे स्वरूप पाहू. परिच्छेद म्हणजे शब्दांची एक लांब माळ. ती ठराविक रुंदीच्या चौकटीत बसवावयाची, तर ती अनेक ठिकाणी तोडावी लागते. छापखान्यातील जुळारी हे काम हाताने करीत असे. हातातील पट्टीत खिळे भरता भरता जागा संपत आली की तो थांबे, शब्दांमधल्या फटी कमीजास्त करून ओळ दोन्ही कडांना भिडवी, आणि फारच अडचण आली तर शब्द तोडून संयोगचिन्ह देई. पंधराव्या शतकाच्या मध्यास गुटेनबर्गने छापलेल्या बायबलमध्ये प्रत्येक स्तंभाच्या दोन्ही कडा ओळंब्याने आखल्यासारख्या सरळ आहेत. त्या साधण्यासाठी एकाच अक्षराचे रुंद-अरुंद खिळे आणि शब्दांची संक्षिप्त रूपे त्याने हाताशी ठेवली होती. जुळाऱ्याच्या बोटांत हे जे ज्ञान होते, ते यंत्राला कसे शिकवावे हा नुथ आणि प्लास यांचा विषय आहे.

संगणकाच्या जगात रुंदीचे बंधन प्रथम आले ते सौंदर्यापोटी नव्हे, सोयीपोटी. १९२८ साली एका अमेरिकन कंपनीने ८० स्तंभांचे भोकांचे पत्रे काढले. पुढे पत्रे गेले, पडदे आले. तरी पडद्यांवरही ८० अक्षरांचीच ओळ राहिली. आजही पायथन नावाच्या संगणकभाषेच्या लेखनसंकेतात ओळ ७९ अक्षरांपुढे जाऊ देऊ नये असे सांगितलेले आहे, आणि विद्युत्पत्राच्या नियमांत ७८ अक्षरांची शिफारस आहे. पत्रे जाऊन कित्येक दशके लोटली, त्यांची रुंदी मात्र मागे उरली. रूढी अशाच उरतात. तीत आम्हांस हसण्यासारखे काही दिसत नाही. पण त्या काळातील आज्ञावलींनी ओळी तोडण्याची जी रीत घालून दिली, तीही अशीच उरली आहे, आणि तिचा मात्र विचार केला पाहिजे.

ती रीत अशी : शब्द एकामागून एक ओळीत घालीत जावे, पुढला शब्द मावेनासा झाला की नवी ओळ सुरू करावी, मागे वळून पाहू नये. शास्त्रज्ञ हिला ‘हावरी’ रीत म्हणतात, आणि ते नाव तिला शोभते. पंगतीत पहिल्याच वाढीला पान भरून घेणारा मनुष्य जसा पुढे काय वाढले जाणार आहे याचा विचार करीत नाही, तशी ही रीत चालू ओळ गच्च भरते आणि पुढच्या ओळींचे काय होईल ते पाहत नाही. एक लहानसे उदाहरण घेऊ. समजा ओळीत आठ अक्षरे मावतात, प्रत्येक अक्षर सारख्या रुंदीचे आहे आणि दोन शब्दांमधील फट एका अक्षराएवढी आहे. विरामचिन्हे सोडून दिलेले एक वाक्य हावऱ्या रीतीने असे पडते :

देवळात आरती
झाली
सभामंडपात
शांतता पसरली

पहिली ओळ काठोकाठ भरली, आणि त्या हव्यासापायी ‘झाली’ हा शब्द एकटा पडला. त्याच्या पुढे सहा घरे रिकामी राहिली. आता हेच वाक्य थोडा संयम ठेवून तोडू :

देवळात
आरती झाली
सभामंडपात
शांतता पसरली

ओळी चारच आहेत. पहिल्या ओळीने चार घरे रिकामी सोडली; पण त्यामुळे दुसरी ओळ सावरली. रिकाम्या घरांच्या संख्यांचा वर्ग करून बेरीज केली, तर पहिल्या मांडणीत ० + ३६ + ४ म्हणजे ४० येतात, दुसरीत १६ + ४ + ४ म्हणजे २४. शेवटची ओळ दोहोंत सारखीच आहे. शिवाय, गणित बाजूला ठेवले तरी, ‘आरती झाली’ हे शब्द दुसऱ्या मांडणीत एकत्र आले आणि वाचणाऱ्याच्या कानाला ते बरे वाटतात. अर्थ जुळला हा मात्र येथे निव्वळ योगायोग आहे. त्याकडे आम्ही पुढे परत येऊ.

नुथ यांना या प्रश्नाकडे वळविणारी घटना त्यांच्या स्वतःच्या ग्रंथाशी निगडित आहे. ‘संगणक-आज्ञावलीची कला’ या अर्थाच्या त्यांच्या बहुखंडी ग्रंथाची पहिली आवृत्ती शिशाच्या तप्त खिळ्यांनी छापली गेली होती. दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते १९७७ साली त्यांच्या हाती आली, ती प्रकाशमुद्रणाच्या नव्या तंत्राने जुळविलेली होती. ती पाहून ते खिन्न झाले. स्वतःचा ग्रंथ असा विरूप झालेला त्यांना पाहवेना. बहुतेक ग्रंथकार प्रकाशकाला एक कडक पत्र लिहून थांबले असते. नुथ यांनी लेखन बाजूस ठेवले आणि अक्षरजुळणी करणारी आज्ञावली स्वतःच रचावयास घेतली. ‘टेक्’ या नावाने ती प्रसिद्ध आहे, आणि गणिताचे ग्रंथ जगभर आजही बहुधा तिच्याच साहाय्याने जुळविले जातात. प्रस्तुत निबंध म्हणजे त्या आज्ञावलीच्या हृदयस्थानी असलेल्या एका विचाराचे विवरण होय.

निबंधकारांनी परिच्छेदाकडे तीन वस्तूंच्या रूपाने पाहिले आहे. पहिली पेटी : म्हणजे अक्षर किंवा शब्द, ज्याची रुंदी बदलत नाही. दुसरी डिंक : म्हणजे शब्दांमधील फट. तिची एक स्वाभाविक रुंदी असते, ती काही प्रमाणात ताणता येते आणि काही प्रमाणात आवळता येते. तिसरी वस्तू दंड : म्हणजे एखाद्या ठिकाणी ओळ तोडली तर किती शिक्षा मोजावी लागेल, त्याचा आकडा. दंड अनंत असेल तर तेथे ओळ कदापि तुटणार नाही. उलट दिशेने अनंत असेल तर तेथे ती तुटलीच पाहिजे. या तीन वस्तूंपलीकडे चौथी त्यांना सहसा लागत नाही. मजकूर दोन्ही कडांना भिडवावयाचा असो, मधोमध मांडावयाचा असो किंवा एकच कड सरळ ठेवावयाची असो, सर्व गोष्टी यांच्याच मेळातून साधतात. थोड्या साधनांत पुष्कळ साधावे ही कलेची खूण आहे, आणि ती येथे निःसंशय दिसते.

यानंतर प्रत्येक ओळीच्या कुरूपतेचे माप. फट जेवढी ताणण्यास मुभा आहे तिच्या अर्धीच ताणावी लागली, तर कुरूपता सुमारे १२ धरावी. पूर्ण ताणावी लागली तर १००. दुप्पट ताणावी लागली तर ८००. म्हणजे ताण दुप्पट झाला की कुरूपता आठपट होते. थोड्या ढिलाईला थोडी शिक्षा, अतिरेकाला फार मोठी. हे आकडे मानवी डोळ्याच्या अनुभवाशी जुळतात. चार ओळींत वाटलेली ढिलाई आपल्या ध्यानीही येत नाही. तीच एका ओळीत साचली की भगदाड दिसते. शिवाय आवळलेल्या ओळीला लागून फार सैल ओळ आली तर अधिक दंड, आणि लागोपाठ दोन ओळी संयोगचिन्हावर संपल्या तर आणखी दंड. मग सर्व ओळींच्या दंडांची बेरीज जिथे सर्वांत कमी, ती मांडणी उत्तम.

येथे कोणी शंका घेईल की, अशा सर्व मांडण्या तपासणार कोण? परिच्छेदात शंभर फटी असल्या तर त्या तोडण्या-न-तोडण्याच्या रीतींची संख्या ३१ अंकी होते. त्या एकेक करून तपासू म्हटले, तर कोणत्याही यंत्राला ते काम आवरणार नाही. पण निबंधकारांनी रिचर्ड बेलमन यांनी १९५०च्या दशकात मांडलेल्या एका तत्त्वाचा आधार घेतला आहे. दूरच्या यात्रेला निघालेल्या मनुष्याला एखाद्या मुक्कामापर्यंत पोहोचण्याचा सर्वांत सुखाचा मार्ग एकदा कळला, की पुढली वाट कशीही असो, मागचा तो हिशेब पुन्हा करावा लागत नाही. तद्वत् परिच्छेदातील प्रत्येक संभाव्य छेदापर्यंतचा सर्वांत कमी दंडाचा मार्ग टिपून ठेवीत गेले, म्हणजे शेवटच्या शब्दाशी पोहोचताच संपूर्ण परिच्छेदाची उत्तम मांडणी हाती येते. त्यासाठी परिच्छेदावरून एकदाच फिरावे लागते. ज्याने हावऱ्या रीतीला ‘दुसरा उपाय नाही’ म्हणून क्षमा केली असेल, त्याला हा भाग वाचल्यावर ती क्षमा मागे घ्यावी लागेल.

निबंधाचा आणखी एक गुण सांगितला पाहिजे. त्यात आलेले मुख्य उदाहरण ग्रिम बंधूंच्या बेडूक-राजपुत्राच्या परीकथेचे आहे. तीच कथा निरनिराळ्या रुंदीत पुनःपुन्हा जुळवून दाखविली आहे, आणि प्रत्येक ओळीशेजारी तिच्या ताणाचा आकडा दिला आहे. सूत्रांनी कंटाळलेला वाचक राजकन्येच्या सोनेरी चेंडूशी येऊन विसावतो, आणि त्याच वेळी ओळींच्या कडाही पाहू लागतो. शास्त्रीय निबंधात असा रसिकपणा आम्हांस क्वचितच आढळला आहे.

आता दोष. पहिला आक्षेप असा की, येथे अभिरुचीला आकड्यांचे सोवळे नेसविले आहे. ताणाचा घनच का घ्यावा, वर्ग का नको, याला डोळ्याला बरे दिसते यापलीकडे उत्तर नाही. आमच्या मते हा दोष फार मोठा नव्हे. छंदःशास्त्रातही मात्रांचे गणित कानाच्या मागून आले आहे. परंतु एकदा आल्यावर त्याने कानाला शिस्त लावली. गणित अभिरुचीच्या जागी बसत नाही, तिला बोलके करते.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. ही रीत परिच्छेदाचा विचार करते, पानाचा करीत नाही. एखाद्या परिच्छेदाची शेवटची एकच ओळ पुढल्या पानावर जाऊन एकटी पडली, तर मागे येऊन ओळी पुन्हा पाडण्याची सोय या पद्धतीत मूलतः नाही. पानांचा प्रश्न प्लास यांनी आपल्या प्रबंधात स्वतंत्रपणे हाताळला. चित्रांसह पाने लावताना काही मापांनी तो किती दुर्घट होतो, हे त्यांनीच दाखविले आहे.

तिसरा आक्षेप हावऱ्या रीतीच्या बाजूने आहे, आणि न्यायबुद्धीने तो मांडलाच पाहिजे. मनुष्य पडद्यावर लिहीत असताना प्रत्येक शब्दागणिक सबंध परिच्छेद नव्याने पाडला गेला, तर शेवटी एक शब्द घातल्याबरोबर पहिली ओळ हलेल आणि लिहिणाऱ्याच्या डोळ्यांना घेरी येईल. चालू लेखनात हावरी रीत बरी. ती स्थिर असते, आणि ओळींची संख्याही कमीत कमी ठेवते. पण लेखन संपून जे वाचकापुढे जावयाचे, त्याला ही सबब लागू पडत नाही. ग्रंथजुळणीच्या एका प्रसिद्ध व्यापारी आज्ञावलीने १९९९ पासून सबंध परिच्छेदाचा विचार करून ओळी पाडण्याची सोय दिली. संकेतस्थळे दाखविणाऱ्या एका मोठ्या आज्ञावलीत २०२३ साली, परिच्छेदाच्या शेवटच्या काही ओळींपुरता का होईना, असा विचार शिरला. निबंध प्रसिद्ध होऊन तोवर ४२ वर्षे लोटली होती!

चौथा आक्षेप मात्र आमचा स्वतःचा आहे, आणि त्यासाठीच हे परीक्षण लिहिले. निबंधकारांच्या डोळ्यांपुढे इंग्रजी पान आहे. ते स्वाभाविकच आहे, त्याचा आम्ही राग धरीत नाही. पण आमचे पान त्या मापाने मोजले की काय होते, ते पाहावे.

संगणक अक्षर म्हणून जे मोजतो ते आपले अक्षर नव्हे. ‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द आपण चार अक्षरांचा म्हणतो : ज्ञा, ने, श्व, री. संगणकाच्या कोशात त्याची अकरा चिन्हे होतात : ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र आणि दीर्घ वेलांटी. पायथन भाषेत ओळी पाडण्याचे जे तयार साधन आहे, ते ही अकरा चिन्हेच मोजते, आणि ओळीत न मावणारा लांब शब्द वेगळे न सांगितल्यास सरळ कापते. ओळीची रुंदी सात चिन्हे ठरविली, तर वरच्या ओळीत ‘ज्ञानेश’ उरते आणि खालची ओळ एका निराधार हलन्ताने सुरू होते. त्या हलन्ताला टेकू म्हणून पडदा बहुधा ठिपक्यांचे एक वर्तुळ काढतो. हा कृत्रिम प्रसंग आहे, कारण सात चिन्हांची ओळ कोणी ठेवीत नाही. पण लांबलचक सामासिक शब्द आणि अरुंद चौकट यांची गाठ पडली की हेच घडते. ज्या भाषेत एका समासात सबंध पूजाविधी मावतो, तिला हा धोका इंग्रजीहून अधिक. आणि एरवी शब्द कापला गेला नाही तरी मोजमाप चुकतेच : जोडाक्षरांनी भरलेली ओळ संगणकाला लांब वाटते आणि डोळ्याला आखूड दिसते.

यात नुथ आणि प्लास यांचा दोष नाही. उलट त्यांच्या ‘पेटी’ची रुंदी मोजलेल्या चिन्हांची नसून प्रत्यक्ष उमटलेल्या आकृतीची असल्यामुळे त्यांच्या रीतीत हा घोटाळा होतच नाही. टेक्मध्ये देवनागरी जुळविण्याची सोय १९९१च्या सुमारास फ्रान्स वेल्थुइस या डच गृहस्थाने केली, आणि आज मराठी शब्द कोठे तोडता येतील याचे नमुनेही तीत आहेत. ते नमुने जोडाक्षराला धक्का लावीत नाहीत. पण ‘सभा-मंडपात’ आणि ‘सभामं-डपात’ या दोन छेदांतील भेद अक्षरांवरून कळणारा नाही, अर्थावरून कळणारा आहे. जुन्या छापखान्यातील चांगला जुळारी पहिला छेद घेई आणि दुसरा टाळी, कारण तो शब्द उच्चारून पाहत असे.

आता सूचनेतील त्या ‘नाही’कडे येऊ. इंग्रजीत नकार क्रियापदाच्या अगोदर किंवा लगत येतो. वाक्याच्या आरंभीच वाचक सावध होतो. मराठीत नकार सर्वांच्या शेवटी येतो. ‘होणार नाही’, ‘घेतले नाही’, ‘जाऊ नये’. आणि कोंकणीतही तो ‘ना’ शेवटीच उभा असतो. म्हणजे आमच्या भाषांत वाक्याचा सबंध अर्थ फिरविणारा शब्द हा नेमका तुटून खाली पडण्याच्या जागी असतो. हावऱ्या रीतीला हे कळत नाही. नुथ-प्लास रीतीलाही आपणहून कळत नाही. परंतु दुसरीला ते सांगता येते. क्रियापद आणि ‘नाही’ यांच्यामधील फटीवर मोठा दंड ठेवला, की ओळ तेथे तुटणार नाही. नुथ यांनी आपल्या आज्ञावलीत अशा न तुटणाऱ्या फटीसाठी एक स्वतंत्र खूणच ठेवली आहे, आणि इंग्रजीत ती कोठे कोठे घालावी, म्हणजे आद्याक्षरे व आडनाव यांमध्ये, प्रकरण व त्याचा अंक यांमध्ये वगैरे, याचे नियम त्यांनी आपल्या १९८४च्या ग्रंथात आस्थेने सांगितले आहेत. मराठीत असे नियम कोणी सांगितले? ‘इ. स.’ वर आणि ‘१५१०’ खाली, ‘श्री.’ वर आणि नाव खाली, ‘रु.’ वर आणि देणगीचा आकडा खाली. हे सर्व आपण रोज पाहतो आणि ‘संगणकाची चूक’ म्हणून सोडून देतो. ही चूक संगणकाची नव्हे. आपण त्याला काही सांगितलेच नाही.

दंडाची गोष्ट निघाली म्हणून आपल्या दुसऱ्या दंडाविषयी, म्हणजे श्लोकाअखेरच्या उभ्या रेघेविषयीही बोलले पाहिजे. चरणाच्या शेवटी आपण आधी फट सोडतो आणि मग दंड देतो. संगणकाला ती फट म्हणजे ओळ तोडण्याची मुभा वाटते. परिणाम असा की, पडद्यावर वाचताना कित्येकदा ‘॥ १२ ॥’ हा श्लोकांक खालच्या ओळीच्या आरंभी येऊन बसतो, जणू तो पुढल्या श्लोकाचा आरंभ आहे. उपाय अगदी सोपा आहे : त्या जागी साधी फट न देता न तुटणारी फट द्यावी. सर्व देशांच्या लिप्यांसाठी जो समान संगणककोश आहे, त्यात अशी फट आरंभापासून आहे.

येथे कोणी म्हणेल की, जुन्या पोथ्यांत तरी काय होते? हस्तलिखित पोथीत शब्द एकमेकांना चिकटवून लिहीत आणि समास भरला की हव्या त्या अक्षरावर ओळ तोडीत. हे खरे आहे. परंतु पोथीत ओळीचा शेवट मुका होता. शब्दांमध्ये फटच नसल्यामुळे ओळ संपली म्हणजे काही संपले, असे वाचणाऱ्याला वाटत नसे. विरामाची खूण फक्त दंडाने होई. शिवाय वाचणारा बहुधा गुरुमुखातून पाठ घेतलेला असे. छापील पानाने शब्द सुटे केले आणि त्याबरोबर ओळीच्या शेवटाला वाचा फुटली. आता डोळा तेथे क्षणभर थांबतो, आणि मोठ्याने वाचणाऱ्याचा श्वासही तेथेच थांबतो. म्हणून पोथीचे उदाहरण आजच्या अव्यवस्थेला आधार होऊ शकत नाही.

पद्याच्या बाबतीत तर ओळ तोडण्याचा अधिकार यंत्राचा नव्हेच. तो रचणाऱ्याचा आहे. ओवीचे चरण, अभंगाचे खंड, आरतीचे पालुपद यांच्या ओळी आधीच पडलेल्या असतात. निबंधकारांनी सांगितलेला ‘उलट दिशेचा अनंत दंड’, म्हणजे तोडण्याची सक्ती, येथे कामास येतो. आणि चरणच चौकटीहून लांब असला, तर उरलेले शब्द खालच्या ओळीवर आत सरकवून घालावेत, म्हणजे ते मागच्याच चरणाचे आहेत हे डोळ्याला कळते. चांगल्या छापील गाथांतून ही रीत पाळलेली असते. पडद्यावर मात्र उरलेला एखादा शब्द नव्या चरणाच्या थाटात कडेला येऊन उभा राहतो, आणि देवळात मोबाईल हाती धरून आरती म्हणणारे नवे मूल त्या ठिकाणी ठेका चुकते. मोठी माणसे पाठ म्हणतात म्हणून त्यांना हे जाणवत नाही. ज्याला पाठ नाही तोच वाचतो, आणि जो वाचतो त्यालाच ओळ फसविते.

याच्या उलट एक दोष माणसांकडून घडतो. काही लेखक गद्य मजकूर टंकित करताना आपल्या पडद्याची रुंदी पाहून प्रत्येक ओळीअखेर स्वतःच ओळ तोडतात. त्यांच्या रुंद पडद्यावर ते नीटस दिसते. अरुंद पडद्यावर गेले की यंत्राची तोड आणि माणसाची तोड एकमेकांवर पडून एक ओळ लांब, एक आखूड, अशी दात पडलेली फणी तयार होते. गद्यात ओळ यंत्राला तोडू द्यावी, पद्यात ती आपण तोडावी. हा साधा विवेक पाळला, तरी निम्मे दुखणे जाईल.

एकंदरीत आमचा अभिप्राय असा आहे. नुथ आणि प्लास यांचा निबंध हा आपल्या क्षेत्रातील अभिजात ग्रंथांत गणला जाण्याच्या योग्यतेचा आहे. ओळ कोठे तोडावी याचा निर्णय त्या ओळीपुरता घेता येत नाही, सबंध परिच्छेद डोळ्यांपुढे ठेवूनच तो घ्यावा लागतो, ही त्याची शिकवण पक्की आहे. तिच्यापुढे आम्ही आपली एवढीच पुस्ती जोडतो की, परिच्छेदाचे रूप पाहून भागत नाही, त्याचा अर्थही पाहिला पाहिजे. आणि अर्थ कोठे तुटतो हे त्या भाषेच्या माणसांनीच यंत्राला सांगावयाचे असते. निबंधकारांनी दंडाच्या रूपाने त्यासाठी दार उघडे ठेवले आहे. त्या दारातून मराठी आणि कोंकणी अद्याप आत गेलेल्या नाहीत.

यासाठी मोठ्या संस्थेची वाट पाहण्याचे कारण नाही. कोणत्या दोन शब्दांमध्ये ओळ तुटू नये, याची एक यादी मराठीची आणि एक कोंकणीची, एवढे झाले तरी आज्ञावली रचणाऱ्या आमच्या तरुणांना काम करावयास पुरे आहे. यादीत पहिले नाव ‘नाही’चे आणि ‘ना’चे असावे. तोवर देवळाच्या सूचना लिहिणाऱ्यांनी नकार वाक्याच्या आरंभी आणावा : ‘आज महाप्रसाद नाही’ एवढेच आधी लिहावे, आणि पालखीच्या मार्गाचे कारण मागाहून सांगावे. त्या दिवशी आलेल्या दोघा वृद्धांना पुजाऱ्यांनी आग्रहाने आपल्या घरी जेवावयास नेले, म्हणून ते उपाशी परतले नाहीत. पण प्रत्येक चुकलेल्या ओळीमागे असा यजमान उभा असतोच असे नाही.